पगारावर पाटी लावता येत नाही

परदेशी मदत म्हटली की डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. विमानातून उतरणारी लसींची खोकी, दारावर परदेशी झेंडा रंगवलेली जीप, दवाखान्याच्या भिंतीवर ‘अमुक देशाच्या जनतेकडून भेट’ अशी पाटी. या सगळ्याचा फोटो निघतो. पण दवाखाना चालतो तो सकाळी साडेसातला तिथे नर्स हजर असते म्हणून, आणि ती हजर असते कारण मागच्या महिन्याचा पगार वेळेवर झालेला असतो. पगारावर कुणाला पाटी लावता येत नाही. म्हणून गरीब देशाची आरोग्यव्यवस्था उभी करायला निघालेले बहुतेक देश पगार सोडून बाकी काहीही द्यायला तयार असतात.

मलावीत मात्र एकदा पगार दिला गेला. त्या पगाराचं पुढे काय झालं हे पाहिलं की परदेशी मदत हा सगळा मामला बराचसा कळतो.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेयेकडचा चिंचोळा देश. टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्यामध्ये दाबून बसलेला. समुद्र नाही, पण देशाच्या उभ्या लांबीला धरून एक अजस्र सरोवर आहे. १९६४ साली तो ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. २०१८च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन कोटी भरली. लोक मका पिकवतात, मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा खातात आणि निर्यातीसाठी तंबाखू लावतात. एका माणसामागे वर्षाला आरोग्यावर होणारा सगळा खर्च, म्हणजे सरकारचा, परदेशी मदतीचा आणि लोकांच्या खिशातला मिळून, चाळीस डॉलरच्या आसपास आहे. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा वर्षानुवर्षं बाहेरून येत आला.

२००४च्या सुमाराला तिथली अवस्था भीषण होती. दर सात प्रौढांमागे एकाला एचआयव्हीची लागण होती. रुग्णालयं भरून वाहत होती आणि रुग्णांना पाहणारी माणसं मात्र कमी होत होती. काही नर्स एड्सने गेल्या, काही स्वयंसेवी संस्थांत चांगल्या पगारावर गेल्या, काही थेट इंग्लंडला गेल्या. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना तेव्हा नर्स हव्या होत्या आणि मलावीच्या नर्सना इंग्रजी येत होतं. म्हणजे एका खिशातून ब्रिटन मलावीला आरोग्यासाठी मदत देत होता आणि दुसऱ्या हाताने तिथल्याच नर्स उचलत होता.

त्या वर्षी ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी सुमा चक्रवर्ती आणि संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाचे प्रमुख पीटर पियो मलावीत गेले होते. औषधं आली तरी ती द्यायला माणूस नाही, हे त्यांना तिथे दिसलं. त्यातून जी योजना पुढे आली तिचं नाव होतं आणीबाणी मनुष्यबळ कार्यक्रम. ब्रिटनने मलावीच्या आरोग्यासाठी सहा वर्षांत दहा कोटी पौंड द्यायचं कबूल केलं, त्यातले साडेपाच कोटी या कार्यक्रमाला. निर्णय सरळ होता. आरोग्यसेवेतल्या अकरा प्रकारच्या कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के वाढ, सरकारी पगारपत्रकातूनच. शिवाय नव्या नर्स आणि क्लिनिकल ऑफिसर घडवणाऱ्या संस्थांच्या जागा वाढवायच्या, आणि ते तयार होईपर्यंत बाहेरून थोडे डॉक्टर आणि शिकवणाऱ्या नर्स आणायच्या.

क्लिनिकल ऑफिसर म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे या पदाला जोड नाही. तो एमबीबीएस नसतो. डॉक्टरपेक्षा कमी वर्षांचं शिक्षण घेतो, पण जिल्हा रुग्णालयात हाड बसवणं, हर्निया, अडलेलं बाळंतपण हे सगळं तोच निभावतो. मलावीतली बहुतेक सिझेरियन क्लिनिकल ऑफिसर करतात. मलावीचं स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय ब्लँटायरला सुरू झालं तेच मुळी १९९१ साली. डॉक्टरांची वाट बघत बसले असते तर बायका मेल्या असत्या.

आता ५२ टक्के ऐकून भुवया उंचावतात. हातात मात्र तेवढे पडत नव्हते, कारण वाढीवर कर लागत होता. तरी फरक पडला. २००४ साली या अकरा पदांवर मिळून ५,४५३ माणसं होती, २००९ साली ८,३६९ झाली. परदेशी जाणाऱ्या नर्सचा ओघही आटला. त्याला ब्रिटनने भरतीवर घातलेली बंधनंही कारणीभूत होती, सगळं श्रेय पगाराला देता येणार नाही. पण पाच वर्षांत निम्म्याने माणसं वाढवणं ही कुठल्याही सरकारी खात्यात साधी गोष्ट नव्हे. आपल्याकडच्या रिक्त पदांच्या बातम्या वाचणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको.

मग बाकीचे देश हेच का करत नाहीत? त्यामागे अगदीच वेडगळ नसलेलं एक कारण आहे. इमारत एकदा बांधली की खर्च संपतो. पगार दर महिन्याला द्यावा लागतो, दरवर्षी वाढवावा लागतो आणि थांबवला तर दंगा होतो. मदत देणाऱ्या देशाचं अंदाजपत्रक तीन ते पाच वर्षांचं असतं. ‘आम्ही गेल्यावर हे कोण चालवणार?’ हा त्यांचा आवडता प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, फक्त तो इमारतीलाही तितकाच लागू होतो. नर्स नसलेलं प्रसूतिगृहही टिकाऊ नसतंच, त्याचं छप्पर फक्त जास्त दिवस उभं राहतं.

दुसरी भानगड एकत्र येण्याची. गणपती मंडळाची वर्गणी गोळा करणाऱ्याला ही लगेच समजेल. एक जण म्हणतो मंडपाचे मी देतो, पण माझ्या नावाचा फ्लेक्स लागला पाहिजे. दुसरा म्हणतो ऑर्केस्ट्रा माझ्याकडून. तिसरा फक्त आरतीच्या ताटांचे देणार आणि हिशेब वेगळ्या वहीत मागणार. विजेचं बिल कुणालाच भरायचं नसतं. गरीब देशाच्या आरोग्यमंत्रालयात हेच चालतं, फक्त प्रत्येक वर्गणीदार आपला माणूस, आपली गाडी, आपला फॉर्म आणि आपलं आर्थिक वर्षही घेऊन येतो. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा बराच वेळ पाहुण्यांना फिरवण्यात आणि अहवाल भरण्यात जातो.

मलावीने २००४ पासून यावर उपाय केला तो एका पेटीचा. सरकार आणि दाते बसून एकच आराखडा ठरवणार, मोफत द्यायच्या सेवांची एकच यादी करणार, आणि ज्यांची तयारी असेल ते देश आपले पैसे एकाच सामायिक निधीत टाकणार. हिशेबाची वही एक. ब्रिटन आणि नॉर्वे या पेटीत आले. अमेरिका आली नाही, ती आपले पैसे आपल्या मर्जीतल्या संस्थांमार्फतच खर्च करत राहिली. २००५ साली पॅरिसमध्ये श्रीमंत-गरीब देशांनी मिळून ‘मदत अशीच द्यायची’ असा जाहीरनामा काढला, तेव्हा मलावीत हे सुरू झालेलं होतं.

याच काळात एचआयव्हीचा पैसा वेगळ्या वाटेने आला, आणि तो प्रचंड होता. २००२ साली जिनिव्हात एड्स, क्षय आणि मलेरियासाठी जागतिक निधी स्थापन झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने आपला स्वतंत्र एड्स कार्यक्रम जाहीर केला. एकच आजार धरून वरपासून खालपर्यंत सगळं काही स्वतःचं उभं करणं, म्हणजे औषधं, प्रयोगशाळा, माणसं, नोंदी, याला या क्षेत्रातले लोक उभा कार्यक्रम म्हणतात. आडवा म्हणजे सगळ्या आजारांना पुरेल असा दवाखाना. उभ्या कार्यक्रमाला नावं ठेवण्याची पद्धत आहे, मीही पूर्वी ठेवायचो. पण २००४ साली दारात माणसं मरत असताना आडव्या व्यवस्थेची वाट पाहा म्हणणं क्रूरपणाचं झालं असतं.

इथे आपला एक धागा येतो, आणि तो खरोखरचा आहे. एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च अमेरिकी आणि युरोपी कंपन्यांच्या भावाने माणशी दहा-पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तेच औषध एका आंतरराष्ट्रीय डॉक्टर संघटनेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं. पुढे तिन्ही औषधं एकाच गोळीत आली. मलावीने २००४ मध्ये सरकारी दवाखान्यांतून मोफत उपचार सुरू केले ते अशाच तीन-औषधी जेनेरिक गोळीवर. एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, त्यामुळे डॉक्टर नसलेल्या ठिकाणी क्लिनिकल ऑफिसर आणि नर्सही उपचार सांभाळू शकले. मदतीचे डॉलर तेच, पण गोळी स्वस्त झाल्यामुळे त्यात कितीतरी पट माणसं बसली. मदतीच्या गोष्टीत औषधाच्या किमतीला नेहमी दुय्यम जागा मिळते, ती खरं तर पहिली हवी.

मलावीची खरी हुशारी दिसली ती २०११ साली. गरोदर बाईकडून बाळाला एचआयव्ही जाऊ नये म्हणून औषध द्यायचं, पण तिला ते कायमचं द्यायचं की तात्पुरतं, हे तेव्हाच्या जागतिक नियमांनुसार तिच्या रक्तातल्या सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी मोजून ठरायचं. मोजायला यंत्र लागतं, यंत्राला वीज आणि तंत्रज्ञ. मलावीतल्या बहुतेक आरोग्य केंद्रांत यातलं काही नव्हतं. शिवाय तिथे एका बाईला सरासरी पाचेक मुलं व्हायची आणि प्रत्येक मूल दीर्घकाळ अंगावर प्यायचं. म्हणजे औषध सुरू, बंद, पुन्हा सुरू असा खेळ आयुष्यभर. मलावीच्या आरोग्य खात्याने ठरवलं, मोजणी गेली खड्ड्यात, जी गरोदर बाई पॉझिटिव्ह निघेल तिला त्याच दिवसापासून जन्मभर औषध. जागतिक आरोग्य संघटनेने असं सांगितलेलं नव्हतं. एका तिमाहीत उपचार सुरू करणाऱ्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांचा आकडा २०११च्या मध्याला १,२५७ होता, सव्वा वर्षाने तो १०,६६३ झाला. २०१३ मध्ये जागतिक संघटनेने हीच पद्धत आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतली. पैसा बाहेरचा होता, डोकं घरचं होतं.

आता थोडं गावात जाऊ. मलावीत आजारी माणूस दवाखान्यात जाताना आपली वही घेऊन जातो. तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात. साधी छोटी पुस्तिका, कोपरे दुमडलेली, बायका ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात. तपासणारा तिच्यातच तक्रार, निदान, औषध लिहितो आणि परत देतो. दवाखान्याकडे रुग्णाची फाइल नसते, फाइल रुग्णाकडे असते. लाखो रुपयांच्या संगणकप्रणालीवर चर्चा करणाऱ्यांनी ही वही एकदा हातात घ्यावी.

आणि सगळ्यात खाली आहे एचएसए, म्हणजे हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट. देवीच्या लसीकरणाच्या काळात नेमलेल्या लस टोचणाऱ्यांपासून ही परंपरा आली. दर हजार लोकांमागे एक असावा असं ठरलं आणि जागतिक निधीच्या पैशातून एकदम हजारोंची भरती झाली. सायकल, लसीकरण, पाण्याची तपासणी, आणि दवाखान्यापासून लांब असलेल्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गावदवाखाना. तिथे कुलूप लावलेली लाकडी औषधपेटी असते. आई खोकणारं पोर घेऊन येते. एचएसए पोराचा सदरा वर करतो, ‘रडू देऊ नको’ म्हणून सांगतो आणि टायमर लावून मिनिटभर छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजतो. वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नास किंवा त्याहून जास्त, वर्षावरच्याला चाळीस किंवा जास्त, तर न्यूमोनिया धरायचा आणि प्रतिजैविक द्यायचं. ना स्टेथोस्कोप, ना एक्स-रे. दंडाला पट्टी गुंडाळून कुपोषण बघायचं. हगवणीला क्षारसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या. पेटीतलं औषध किती उरलं ते तो मोबाइलवरून एसएमएसने कळवतो, म्हणजे आरोग्य केंद्राला किती पाठवायचं ते समजतं. साधा बटणांचा फोन चालतो.

आपल्या आशाताईंशी तुलना करायचा मोह होतो, पण एक मोठा फरक आहे. एचएसए सरकारी पगारावर असतो. आपल्या आशांना कामानुसार मोबदला आणि मानधन मिळतं, आणि ते वाढावं म्हणून त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागतं.

एकूण हिशेब काय? सन २००० च्या पाहणीत मलावीत हजार मुलांमागे १८९ मुलं पाचव्या वाढदिवसाआधी दगावत होती. २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ६३ वर आला. मच्छरदाण्या, लसी, चांगली पिकं, एचआयव्हीची औषधं, एचएसए, सगळ्यांचा त्यात हात आहे, वाटा वेगळा काढता येत नाही. पण ही घट बाहेरच्या पैशाशिवाय झाली नसती, हे मान्य करायला हरकत नसावी.

आता काळी बाजू. एक आहे भत्त्याची. मदत देणाऱ्या संस्थांना ‘क्षमताबांधणी’ दाखवायची असते, म्हणून कार्यशाळा भरतात. कार्यशाळेला गेलं की राहण्या-जेवण्याचा दैनिक भत्ता. तो पगाराच्या मानाने इतका भरघोस असतो की कर्मचारी महिन्यातले कित्येक दिवस सरोवराकाठच्या हॉटेलांत प्रशिक्षण घेत असतात आणि दवाखान्यात रांग वाढते. नर्सला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नीट पगार देणं ज्यांना टिकाऊ वाटत नव्हतं, तेच लोक भत्ता देत होते.

दुसरी गोष्ट अर्थशास्त्रातली, पण घरगुती उदाहरणाने कळते. मुंबईचा मामा भाच्याच्या फीसाठी दरवर्षी पैसे पाठवू लागला. बापाने फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोकळे झाले, त्यातून त्याने मोटारसायकल घेतली. मामाने पावती मागितली तर पावती फीचीच मिळेल, खोटं काहीच नाही. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की सरकारला आरोग्यासाठी एक डॉलर मदत मिळाली की सरकारचा स्वतःचा आरोग्यखर्च ४३ सेंट ते १ डॉलर १४ सेंट इतका घटतो. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण आफ्रिकेतल्या देशांनी २००१ साली नायजेरियातल्या अबुजात सरकारी खर्चाचे १५ टक्के आरोग्यावर घालायचं वचन दिलं होतं, आणि ते पाळणारे देश बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, याबद्दल वाद नाही.

आणि मग सप्टेंबर २०१३. राजधानी लिलाँग्वेत सरकारी कारकुनांच्या घरांत, गाड्यांत रोकड सापडू लागली. अर्थखात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्यावर त्याच्या घराच्या फाटकापाशी गोळ्या झाडल्या गेल्या. चौकशीत निघालं ते असं: सरकारी पैसे देण्याच्या संगणकप्रणालीत खोट्या कंत्राटदारांना धनादेश काढायचे आणि नंतर नोंद पुसून टाकायची. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत १३ अब्ज क्वाचांहून (क्वाचा हे मलावीचं चलन) अधिक रक्कम अशी गेली. लोकांनी प्रकरणाला कॅशगेट नाव दिलं. दात्यांनी सरकारी तिजोरीत टाकायचे सुमारे १५ कोटी डॉलर रोखले.

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही, चोरी झालेल्या घरात कोण पैसे ठेवणार. पण परिणाम बघा. सामायिक पेटी मोडली. जो तो देश पुन्हा आपापल्या संस्थांमार्फत, आपापल्या जीपमधून काम करू लागला. औषधांचंही तेच. सरकारी औषध भांडारातून माल गायब होतो म्हणून मोठ्या दात्यांनी वेगळी गोदामं आणि वेगळे ट्रक लावले. एकाच आरोग्य केंद्रात एचआयव्हीच्या गोळ्यांचा साठा भरलेला आणि शेजारच्या खोलीत साधी प्रतिजैविकं संपलेली, ही गोष्ट अशीच घडते. चोर सापडले ते तिजोरीत, शिक्षा झाली ती बाह्यरुग्ण विभागाला. नवी सामायिक पेटी २०१५ मध्ये पुन्हा उभी राहिली, तीन देशांची, पण तिच्या किल्ल्या या वेळी सरकारकडे नव्हत्या.

उभ्या कार्यक्रमांनी काय झाकलं जात होतं ते २०२२-२३ च्या पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, दाखवलं. मलावीच्या इतिहासातली सर्वांत मोठी साथ, ५८,००० हून अधिक रुग्ण, १,७०० हून अधिक मृत्यू. पटकीला महाग औषध लागत नाही. शुद्ध पाणी, संडास आणि वेळेवर सलाइन लागतं. पाण्याच्या नळाला आणि संडासाला जगात मोठा निधी मिळत नाही.

शेवटची तारीख २० जानेवारी २०२५. अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली. १ जुलैला तर मदत वाटणारी अमेरिकी संस्थाच बंद झाली. मलावीत एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्यांची संख्या लाखोंत आहे आणि त्या कामाचा मोठा भार अमेरिका उचलत होती. ‘काम थांबवा’ अशी पत्रं आली ती स्वयंसेवी संस्थांच्या करारावर असलेल्यांना. औषध चुकवणाऱ्यांच्या घरी जाणारे, चाचणी करणारे, नोंदी ठेवणारे. त्यांचं काम दुसऱ्या दिवशी बंद.

पण त्या योजनेत ज्यांच्या पगारात ५२ टक्के वाढ झाली होती त्यांची ती रक्कम पुढे मूळ पगारातच मिसळून गेली होती. जागतिक निधीच्या पैशावर भरती झालेले एचएसएही हळूहळू सरकारी पगारपत्रकावर आले होते. त्यांना कुणाचं पत्र आलं नाही. फेब्रुवारीत ते नेहमीसारखे सायकल काढून गावात गेले, पेटीचं कुलूप उघडलं आणि उरलेल्या गोळ्या मोजून एसएमएस पाठवला.